गरोदरपणातील मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग: जळजळ सुरू होण्याची वाट पाहू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पहिलटकरीण आहात, अठरावा आठवडा चालू आहे आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ‘पस सेल्स’ म्हणजे पांढऱ्या पेशी ८-१० आल्यामुळे डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, करायला सांगितले आहे. जळजळ नाही, ताप नाही, फक्त लघवीला वारंवार जावे लागते. सासूबाईंच्या मते ही अंगातली उष्णता आहे आणि धने-जिऱ्याच्या पाण्याने ती उतरेल. त्रास नसताना एवढी तपासणी कशासाठी, अँटिबायोटिकने बाळाला अपाय होईल का, आणि हा संसर्ग ओळखायचा व टाळायचा कसा, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

कल्चर अवश्य करून घ्या. मात्र तुम्हाला संसर्गाचे कोणतेही ठोस लक्षण नसल्यामुळे, त्याचा रिपोर्ट हाती येण्याआधी केवळ पस सेल्सच्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई नको. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे दोन्ही टोकांच्या चुका सारख्याच प्रमाणात दिसतात. एकीकडे पस सेल्स दिसले की पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा घडते. दुसरीकडे जळजळ नाही म्हणून कल्चर कधीच होत नाही, आणि सातव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आल्यावर मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग उघडकीला येतो.

गरोदरपणात हा संसर्ग वर चढण्याची शक्यता का वाढते, ते आधी पाहू. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते आणि तिचे तोंड योनी व गुदद्वाराच्या अगदी जवळ असते, त्यामुळे आतड्यातले जंतू मूत्राशयात पोहोचणे मुळातच सोपे असते. दिवस राहिल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्यांचे स्नायू सैलावतात आणि पहिल्या तीन महिन्यांतच त्या रुंद होऊ लागतात; पुढे वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब टाकते. गर्भाशय सहसा थोडे उजवीकडे कललेले असते आणि डाव्या मूत्रवाहिनीला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची आडकाठी मिळते, म्हणून हा परिणाम उजव्या बाजूला अधिक होतो. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘उजव्या मूत्रपिंडाला किंचित सूज’ असा शेरा वाचून अनेक जणी घाबरून येतात. वेदना किंवा ताप नसेल तर हा बहुतेक वेळा याच नैसर्गिक बदलाचा भाग असतो. परंतु याच बदलामुळे लघवीचा प्रवाह मंदावतो, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि शिल्लक राहिलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. गरोदरपणात लघवीतून थोडी साखर व अमिनो आम्ले जास्त जातात, तेही त्यांच्या पथ्यावर पडते.

लक्षणे नसतानाही लघवीत जंतू मोठ्या संख्येने असणे, ही अवस्था दर शंभर गर्भवतींपैकी साधारण २ ते १० जणींत आढळते. गरोदर नसलेल्या तरुण, निरोगी स्त्रीत असे जंतू सापडले तर त्यावर औषध देऊ नये, हेच आजचे शास्त्र सांगते. गरोदरपणात मात्र नियम वेगळा आहे. अमेरिकन वैद्य एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात जंतुमोजणीची जी पद्धत रूढ केली, तिच्यामुळे पुढे हे लक्षात आले की अशा गर्भवतींना औषध दिले नाही तर त्यांतील २० ते ३० टक्के जणींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, आणि औषधाने ही शक्यता सुमारे तीन चतुर्थांशाने घटते. अलीकडचे आकडे इतके भीतिदायक नाहीत. नेदरलँड्समध्ये कमी जोखमीच्या गर्भवतींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार न मिळालेल्यांपैकी २.४ टक्के जणींनाच मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. जंतू नसलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. तो अभ्यास वाचून मी माझी पद्धत बदललेली नाही. आपल्याकडे रक्तक्षय आणि मधुमेह अधिक आहे, पाणी कमी प्यायले जाते आणि ताप आल्यावर रुग्णालयात पोहोचायला अनेकदा उशीर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत गर्भवतींसाठी लघवीचे कल्चर आणि जंतू आढळल्यास सात दिवसांचे औषध, असे स्पष्ट म्हटले आहे. हे कल्चर पहिल्या भेटीत, शक्यतो १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवे. तुमचे थोडे लांबले आहे, इतकेच.

पस सेल्स म्हणजे लघवीतल्या पांढऱ्या पेशी. गरोदरपणात योनीतून पांढरे पाणी जास्त जाते आणि नमुना नीट घेतला नाही तर त्यातल्या पेशी लघवीत मिसळतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’ (योनीच्या व त्वचेच्या आवरणातल्या पेशी) या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहा. तेथे आकडा मोठा असेल किंवा ‘भरपूर’ अशा अर्थाचा शब्द असेल, तर त्या पस सेल्सवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: पस सेल्स अगदी २-३ असूनही कल्चरमध्ये जंतू वाढल्याची उदाहरणे नेहमी दिसतात, कारण लक्षणे नसलेल्या संसर्गात शरीराची प्रतिक्रिया सौम्य असू शकते. पट्टी बुडवून केलेल्या तपासणीलाही मर्यादा आहेत. तिच्यावरचा नायट्राइटचा (बरेच जंतू लघवीत तयार करतात त्या पदार्थाचा) चौकोन रंग बदलण्यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहिलेली असावी लागते, आणि एन्टरोकॉकस किंवा ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू नायट्राइट तयारच करत नाहीत. म्हणून साधी तपासणी निर्दोष आली तरी ती कल्चरची जागा घेत नाही.

कल्चरचा नमुना कसा घ्यायचा हे प्रयोगशाळेत कोणी नीट समजावून सांगत नाही. हातात डबी दिली जाते आणि स्वच्छतागृहाकडे बोट दाखवले जाते. निम्मे घोटाळे येथेच होतात, म्हणून जरा विस्ताराने सांगते. शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या. आधी हात साबणाने धुवा. योनीचा बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ कपड्याने किंवा टिश्यूने टिपा. डेटॉल-सॅव्हलॉनसारखे जंतुनाशक लावू नका, कारण त्याचे थेंब नमुन्यात गेले तर जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच निर्दोष येतो. डबीचे झाकण उघडून उताणे ठेवा आणि त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. एका हाताच्या दोन बोटांनी योनीचे ओठ अलग धरा, पहिली धार संडासात जाऊ द्या आणि मग धार न थांबवता डबी मध्ये धरून ती अर्धी भरेपर्यंतच लघवी घ्या. पोट वाढल्यावर वाकून हे करणे अवघड जाते. कमोडवर पाय फाकवून, थोडे मागे सरकून बसले तर जमते. डबी तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. ते शक्य नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ओट्यावर नाही, कारण आपल्या हवेत बाहेर राहिलेल्या लघवीत चार-पाच तासांत काही जंतूंचे लाखो होतात. तुम्ही आधीच कोणतेही अँटिबायोटिक घेतले असेल तर तसे फॉर्मवर लिहा.

रिपोर्टला साधारण दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी जंतूंची वाढ कळते आणि दुसऱ्या दिवशी कोणते औषध लागू पडते ते कळते. एकाच प्रकारच्या जंतूची प्रति मिलिलिटर १,००,००० किंवा त्याहून अधिक वाढ असेल तर तो संसर्ग मानायचा. बहुतेक वेळा, दहापैकी सात-आठ रुग्णांत, हा जंतू ई. कोलाय असतो; त्याखालोखाल क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस यांचा क्रम लागतो. दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढले, म्हणजे ‘मिक्स्ड ग्रोथ’ असा शेरा आला, तर त्यावर औषध घेऊ नका. तो बहुधा नमुन्यातला दोष असतो आणि नमुना पुन्हा द्यावा हेच योग्य. लक्षणे असतील तर मात्र याहून कमी संख्येलाही महत्त्व असते, आणि तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

रिपोर्टच्या दुसऱ्या भागात औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकासमोर ‘एस’ किंवा ‘आर’ असे अक्षर असते. ‘एस’ म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालते, ‘आर’ म्हणजे चालत नाही. येथे एक धोका आहे. ही यादी प्रयोगशाळेतील तबकडीवरची आहे आणि त्या तबकडीला तुम्ही गरोदर आहात हे माहीत नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांच्यासमोर ‘एस’ दिसले म्हणून औषधाच्या दुकानातून ती आणणाऱ्या रुग्ण मी नेहमी पाहते. गरोदरपणात ही औषधे टाळली जातात, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत वाढत्या कूर्चांवर त्यांचा दुष्परिणाम दिसला आहे. डॉक्सिसायक्लिनच्या जातीची औषधे बाळाच्या दातांवर व हाडांवर परिणाम करतात. ट्रायमेथोप्रिम हे फॉलिक ॲसिडच्या विरोधात काम करते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नको; त्याच्या जोडीने येणारे सल्फा औषध प्रसूतीच्या तोंडावर नको, कारण त्याने नवजात बाळाच्या काविळीची गुंतागुंत वाढू शकते. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे.

मग सुरक्षित काय आहे? पर्याय पुरेसे आहेत. सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्झिम यांसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे आणि, जंतू दाद देत असेल तर, अमॉक्सिसिलिन ही अनेक दशके गर्भवतींना दिली जात आहेत. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच, रिकाम्या पोटी पाण्यात विरघळवून, शक्यतो रात्री लघवी करून झाल्यावर घ्यायची असते. एकाच मात्रेत काम होते ही तिची मोठी सोय. नायट्रोफ्युरँटॉइन हे जुने औषध आज पुन्हा उपयोगी ठरले आहे, कारण इतर अनेक औषधांना दाद न देणारे ई. कोलाय त्याला अजून बऱ्यापैकी दाद देतात. ते जेवणासोबत घ्यावे, म्हणजे मळमळ कमी होते आणि ते नीट शोषलेही जाते. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याला घाबरू नये. त्याची तीन पथ्ये आहेत: पहिल्या तीन महिन्यांत दुसरा योग्य पर्याय असेल तर तो आधी वापरावा, ३८ आठवड्यांनंतर ते देऊ नये, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या स्त्रीला ते मुळीच देऊ नये. ही कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत तुलनेने अधिक आढळते. घरात कुणाला एखाद्या गोळीनंतर अचानक कावीळ व रक्तक्षय झाल्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाळाला अपाय होईल का, या तुमच्या शंकेचे उत्तर असे की योग्य निवडलेल्या औषधापेक्षा उपचार न झालेल्या संसर्गाचा धोका कितीतरी मोठा आहे. हा धोका आईच्या तापाचा व रक्तात पसरणाऱ्या जंतूंचा आहे. तसेच त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावून बाळ वेळेआधी जन्मण्याचाही आहे.

जळजळ कमी करण्यासाठी लघवीतील आम्लता घटवणारे सरबतासारखे औषध जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. त्याने आग कमी होते हे खरे. जंतू मात्र मरत नाहीत. एकदा आराम पडला की कल्चर राहून जाते, हा त्याचा पहिला तोटा. दुसरा तोटा कमी लोकांना माहीत आहे: नायट्रोफ्युरँटॉइनचा परिणाम आम्लधर्मी लघवीत चांगला होतो, त्यामुळे ही दोन औषधे एकत्र देण्यात अर्थ नाही. धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, बार्ली यांबाबत माझा आक्षेप नाही. त्यांच्या निमित्ताने पाणी पोटात जाते, हाच त्यांचा खरा गुण. सासूबाईंना नाराज न करता ते प्या आणि कल्चरही करा. क्रॅनबेरीच्या महागड्या गोळ्यांचे म्हणाल, तर वारंवार संसर्ग होणाऱ्या इतर स्त्रियांना त्यांचा थोडा उपयोग दिसतो, पण गर्भवतींत तसा फायदा दिसून आलेला नाही.

औषध सात दिवसांचे दिले असेल तर सातही दिवस घ्या. संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करणे हा उपचाराचाच भाग आहे आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हाच भाग गाळला जातो. बऱ्याच जणींत जंतू पुन्हा दिसतात. दोनदा संसर्ग झाला, किंवा एकदाच पण मूत्रपिंडापर्यंत गेला, तर प्रसूतीपर्यंत आणि नंतरचे चार ते सहा आठवडे रात्री झोपताना एक छोटी मात्रा चालू ठेवण्याचा विचार केला जातो.

आता ओळखण्याविषयी. वारंवार लघवीला जावे लागणे हे एकटे लक्षण गरोदरपणात काहीच सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत आणि पुन्हा नवव्या महिन्यात बाळाचे डोके खाली सरकल्यावर ते सर्वांनाच होते. रात्री दोन-तीनदा उठावे लागणेही नेहमीचेच. लक्ष द्यायचे ते याकडे: लघवी करताना किंवा ती संपताना आग होणे, तिडीक मारणे, जोराची भावना होऊन प्रत्यक्षात चार थेंबच येणे, ओटीपोटात जघनास्थीच्या वर दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणे. नुसता वास बदलणे हे भरवशाचे लक्षण नाही. पाणी कमी प्यायले तरी वास येतो. बी-कॉम्प्लेक्स असलेल्या गोळ्यांनी लघवी झळझळीत पिवळी होते, त्यावरूनही काही ठरवू नये. लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर झोंबत असेल, सोबत खाज आणि दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जात असेल, तर तो बहुधा योनीतला बुरशीचा संसर्ग असतो. त्याचा उपचार वेगळा आहे आणि अँटिबायोटिकने तो उलट वाढतो. पाण्यासारखा स्राव नकळत वाहत असेल तर ती लघवीच आहे असे गृहीत धरू नका. ते गर्भजलही असू शकते, आणि ते त्याच दिवशी तपासून घ्यायला हवे.

मूत्रपिंडाच्या संसर्गाचे चित्र वेगळे असते. तो बहुतेक वेळा चौथ्या महिन्यानंतर होतो आणि अनेकदा मूत्राशयाची लक्षणे जाणवण्याआधीच सुरू होतो. हुडहुडी भरते, दात वाजतात, ताप १०१-१०३ अंश फॅरेनहाइटपर्यंत जातो, पाठीत बरगड्यांच्या खाली, बहुधा उजवीकडे, ठणका लागतो आणि उलट्या होतात. तपासताना शेवटची बरगडी आणि पाठीचा कणा यांच्या कोपऱ्यात हलकेच मूठ आपटली तरी रुग्ण कळवळते; या एका खुणेने मला अनेकदा दिशा मिळाली आहे. उलट्यांमुळे घरचे म्हणतात, डोहाळे परत लागले. पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या आणि सोबत ताप, यांना डोहाळे समजू नये. पावसाळ्यात असा ताप मलेरिया किंवा डेंग्यूचाही असू शकतो, त्यामुळे रक्ताच्या तपासण्या सोबतच केल्या जातात. उजव्या बाजूच्या दुखण्यात अपेंडिक्सचाही विचार करावा लागतो, कारण वाढत्या गर्भाशयामुळे अपेंडिक्सची दुखण्याची जागा वर सरकू शकते.

ताप १००.४ अंशांच्या वर, सोबत थंडी किंवा पाठदुखी, गोळी पोटात टिकत नाही, पोट राहून राहून कडक होते, बाळाची हालचाल कमी वाटते किंवा धाप लागते, यांपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्रीच निघावे, वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जाईपर्यंत पॅरासिटामॉल घेता येते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, घेऊ नयेत. रुग्णालयात दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक, बहुधा सेफ्ट्रिॲक्सोन, आणि सलाइन दिले जाते. सलाइन मोजून द्यावे लागते, कारण या संसर्गात जंतूंच्या विषामुळे फुप्फुसांत पाणी होऊन श्वासाचा त्रास होण्याची भीती असते. नातेवाइकांनी ‘आणखी एक बाटली लावा’ असा आग्रह धरू नये. ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. त्यानंतर एक-दोन दिवसांनी तोंडावाटे औषध सुरू करून एकूण १० ते १४ दिवसांचा उपचार पूर्ण केला जातो. ४८ ते ७२ तासांत सुधारणा दिसली नाही तर खडा, अडथळा किंवा पू साठलेला नाही ना, हे सोनोग्राफीने पाहावे लागते. फॉस्फोमायसिन किंवा नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडाच्या संसर्गात पुरेसे पडत नाही, म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्यांवर ताप काढू नये.

टाळण्याच्या उपायांत मी सर्वाधिक भर पाणी आणि लघवी न तुंबवणे यांवर देते. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले तेव्हा वर्षभरातील संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, असे २०१८ मधील एका अभ्यासात दिसले. गर्भवतींवर तसाच अभ्यास नसला तरी पाण्याने नुकसान काहीच नाही; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी हवे. अडचण पाण्याची नसून संडासाची आहे. लोकलने किंवा एसटीने दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या, ऊसतोडीच्या फडात काम करणाऱ्या बायका घराबाहेर जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम याच प्रश्नावर उभी राहिली. तुम्ही नोकरी करत असाल तर दर दोन-तीन तासांनी उठून जाण्याची सोय कामाच्या ठिकाणी मागून घ्या, त्यात संकोच नको. सार्वजनिक संडासाच्या सीटवरून हा संसर्ग लागतो ही समजूत चुकीची आहे. संसर्ग येतो तो बहुधा स्वतःच्याच आतड्यातल्या जंतूंमुळे. सीटला न टेकता अर्धवट अधांतरी बसले तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही, त्यापेक्षा सीट पुसून बसणे बरे. लघवी झाल्यावर पुढे झुकून क्षणभर थांबावे आणि पुन्हा एकदा प्रयत्न करावा.

धुण्याची पद्धत महत्त्वाची आहे. शौचानंतर पाणी पुढून मागे जावे. जेटचा फवारा मागून पुढे मारला तर घाण नेमकी जिथे जायला नको तिथे जाते. त्यापेक्षा मगने पुढून पाणी घालणे चांगले. योनीच्या आत साबण, सुगंधी वॉश किंवा जंतुनाशक वापरू नये, कारण तेथील रक्षक जंतू त्याने मरतात. शरीरसंबंधानंतर लघवी करून घ्यावी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. लोहाच्या गोळ्यांनी ती वाढते, म्हणून पालेभाज्या, फळे, ताक आणि पाणी यांचा मेळ घालावा, पण लोह बंद करू नये.

काही जणींनी अधिक सावध राहावे. मधुमेह असलेल्या, आधी संसर्ग होऊन गेलेल्या, मूतखडा किंवा मूत्रमार्गाचा जन्मजात दोष असलेल्या, आणि सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक) आजार किंवा वाहकता असलेल्या स्त्रियांचे कल्चर एकदा निर्दोष आले तरी ते पुढच्या टप्प्यांत पुन्हा करावे. सिकलसेलचा मुद्दा नंदुरबार, तसेच गडचिरोली व विदर्भाच्या इतर भागांतील गर्भवतींसाठी विशेष लागू आहे. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे लघवीतील प्रथिने व साखर पाहिली जाते. कल्चरची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा नसते, त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मागून घ्यावी लागते.

तुमच्या कल्चरमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आला, मग त्याची संख्या कितीही कमी असो, तर त्याची नोंद गरोदरपणाच्या फाइलवर ठळक अक्षरांत करून घ्या. आता औषध घेऊन तो गेला असे वाटले तरी योनीमार्गात तो राहू शकतो आणि प्रसूतीच्या वेळी बाळाला लागू शकतो. म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून पेनिसिलिन दिले जाते. आपल्याकडे अनेक मुली बाळंतपणाला माहेरी जातात आणि तेथील डॉक्टरांच्या हाती आधीचे कागद नसतात. त्यामुळे कल्चरचा मूळ रिपोर्ट, कोणते औषध किती दिवस घेतले त्याची चिठ्ठी आणि पुन्हा केलेल्या कल्चरचा निकाल, हे तिन्ही कागद बॅगेत सोबत असू द्या आणि तेथील पहिल्याच भेटीत ते स्वतःहून पुढे ठेवा.